न फटफटणारी फटफटी

मोटारसायकलीला आपल्याकडील लोकांनी ‘फटफटी’ हे नाव दिले, ते तिच्या रूपावरून नव्हे की वेगावरून नव्हे, तर आवाजावरून. वाहन अजून दृष्टीस पडलेले नसते, तोच त्याची वर्दी कानांवर येते. त्यातून ती पोलिसांची बुलेट असली म्हणजे विचारावयासच नको. दोन गल्ल्या पलीकडे तिचे संथ, घुमणारे ठोके ऐकू आले की चौकात टवाळक्या करीत उभी असलेली पोरे आपापल्या वाटेने निघतात, पारावरचा पत्त्यांचा डाव आवरला जातो, आणि गाडी प्रत्यक्ष येऊन पोचते तेव्हा सारा चौक कसा सज्जनांचा दिसतो! यात पोलिसांचा फायदा की तोटा, हा प्रश्न वरवर विनोदी वाटला तरी तो खरोखर विचार करण्याजोगा आहे. इंग्लंडातील पोलीसदलांनी एकेकाळी तो गंभीरपणे विचारात घेतला, आणि जी मुळीच फटफटत नाही अशी एक मोटारसायकल आपल्या शिपायांच्या हाती दिली. तिचे नाव ‘व्हेलोसेट एल. ई.’. पन्नासांहून अधिक ब्रिटिश पोलीसदलांनी ती वापरली. ती कशी जन्मास आली, तिचा आवाज कशाने नाहीसा झाला, पोलिसांना ती का आवडली आणि अखेर ती रस्त्यावरून का गेली, हे या लेखात यथामति सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम तिच्यावर बसणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊ. १८२९ साली सर रॉबर्ट पील यांनी लंडनचे महानगर पोलीसदल उभे केले. त्या दलाचा पाया म्हणजे पायी गस्त घालणारा कॉन्स्टेबल. शहराचे लहान लहान भाग पाडावयाचे, प्रत्येक भाग एका शिपायाच्या स्वाधीन करावयाचा, आणि त्याने ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या चालीने तो दिवसरात्र फिरत राहावयाचे, अशी ही पद्धत. त्या भागाला ‘बीट’ म्हणतात. आपल्याकडे ‘बीट हवालदार’ हा शब्द आला आहे तो याच पद्धतीतून. रात्री दुकानांच्या कड्याकुलपांना हात लावून पाहावयाचा, उघडी राहिलेली खिडकी हेरावयाची, अनोळखी माणसाची चौकशी करावयाची, आणि नेमलेल्या वेळी नेमलेल्या जागी वरिष्ठाला भेटून सर्व ठीक असल्याचे सांगावयाचे, हे त्याचे काम. यात शौर्याचा प्रसंग क्वचितच येई. खरे काम होते ते डोळे आणि कान उघडे ठेवण्याचे.

शहराच्या दाट वस्तीत ही पायी गस्त शोभत असे. परंतु शहरे पसरली, नव्या वसाहती झाल्या, आणि खेड्यापाड्यांकडे तर एकेका शिपायाच्या वाट्याला कित्येक मैलांचा मुलूख आला. तेथे पायांचे बळ अपुरे पडू लागले. सायकल हा त्यावर पहिला उपाय निघाला आणि तो अनेक वर्षे पुरलाही. मात्र चढउताराच्या रस्त्यावर, पावसावाऱ्यात, आठ तासांची पाळी सायकलीवर काढणे म्हणजे पुष्कळसे बळ पायडल मारण्यातच खर्ची घालणे होय. दमलेल्या माणसाचे कानडोळे किती सावध राहणार?

मोटारसायकल पोलिसांना तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९०८ सालीच हार्ले-डेव्हिडसनची गाडी घेतली, असे त्या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. इंग्लंडातही ट्रायम्फ कंपनीची ‘स्पीड ट्विन’ ही ५०० सी. सी.ची गाडी पोलिसांच्या परिचयाची होती. पुढे त्याच कंपनीने पोलिसांसाठी ‘सेंट’ या नावाची जोरकस गाडी काढली. सेंट म्हणजे संत. परंतु या संताच्या नावातील एकेक इंग्रजी अक्षर सुटे करून त्याचा अर्थ ‘कशालाही क्षणार्धात थांबवा’ असा लावीत! या साऱ्या गाड्या हमरस्त्यावरच्या वाहतूक-पोलिसांच्या. भरधाव मोटारीचा पाठलाग करावयाचा, तिला गाठावयाचे, हे त्यांचे कर्तव्य. पाठलाग आणि गस्त ही दोन्ही पोलिसांचीच कामे, पण त्यांचा स्वभाव अगदी भिन्न. पाठलागाला वेग पाहिजे, गस्तीला सावधपणा पाहिजे. पाठलागाची गाडी गर्जत आली तरी चालेल. गस्तीची गाडी गर्जू लागली तर गस्तच संपली.

आता गंमत अशी की, ही गस्तीची गाडी ज्या कारखान्यातून आली त्याची सारी कीर्ती शर्यतींच्या गाड्यांवर उभी होती. योहानेस ग्यूटगेमान नावाचा जर्मन तरुण इंग्लंडात येऊन बर्मिंगहॅमला स्थायिक झाला आणि पुढे त्याने जॉन गुडमन हे इंग्रजी नाव धारण केले. त्याची ही ‘व्हेलोस’ कंपनी, आणि तिच्या गाड्यांचे नाव व्हेलोसेट. कारखाना मोठा नव्हता. बाप, मुले आणि नातवंडे असा तो घरचा धंदा होता. पण काम असे चोख की, १९२६ साली आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध ज्युनियर टी. टी. शर्यत अ‍ॅलेक बेनेट या स्वाराने व्हेलोसेटवर जिंकली, आणि १९४९ व १९५० या लागोपाठच्या दोन्ही वर्षी ३५० सी. सी. वर्गातील जागतिक अजिंक्यपद याच गाडीकडे गेले. पायाने एकेक गिअर अचूक पडावा अशी जी सोय आज सर्व मोटारसायकलींवर असते, ती व्यवहारात आणण्याचे श्रेयही याच कारखान्यातील हॅरोल्ड विलिस या कारागिराला दिले जाते.

अशा शर्यतबाज घराण्याला मूक गाडीचे डोहाळे का लागावेत? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परिस्थितीत आहे. युद्ध संपले, पण इंग्लंडातील पेट्रोलचे रेशन १९५० सालच्या मेपर्यंत उठले नाही. मोटार विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. कामावर जाणे-येणे तर भाग होते. जॉन गुडमन यांचे चिरंजीव यूजीन गुडमन यांच्या मनाने घेतले की, ज्याने आजवर मोटारसायकलीकडे नाक मुरडूनच पाहिले अशा माणसासाठी गाडी करावी. तो नाक का मुरडतो? तेलाने कपडे खराब होतात म्हणून. साखळीला वंगण घालीत बसावे लागते म्हणून. लाथेमागून लाथ मारूनही इंजिन रुसून बसते म्हणून. चिखल अंगावर उडतो म्हणून, आणि शेजारीपाजारी झोपमोड झाल्याची तक्रार करतात म्हणून. या तक्रारींची यादी समोर ठेवून चार्ल्स उडाल या अभियंत्याने गाडी आखली, आणि १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. एल. ई. ही अक्षरे ‘लिटल इंजिन’, म्हणजे चिमुकले इंजिन, या शब्दांची आहेत.

इंजिन चिमुकले म्हणजे केवढे, ते हिशेबाने पाहू. आमच्या विद्यार्थ्यांना वृत्तचितीचे घनफळ काढावयास सांगितले की ते कंटाळतात. त्यांच्यासाठी हे एक बरे उदाहरण आहे. एल. ई.च्या सिलिंडरचा व्यास ४४ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ४९ मिलिमीटर. असे दोन सिलिंडर. गुणाकार केला की घनफळ १४९ घन सेंटिमीटर येते. हेच ‘१४९ सी. सी.’. त्यातून शक्ती मिळे ती अवघी सहा अश्वशक्ती. डोंगरचढणीला ती तोकडी पडते असे दिसून आल्यावर १९५१ सालापर्यंत व्यास ५० मिलिमीटर करण्यात आला, धाव तीच ठेवली, आणि इंजिन १९२ सी. सी.चे झाले. शक्ती सुमारे आठ अश्वशक्ती, कमाल वेग ताशी पन्नास मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर. आणि पेट्रोल? एका इंग्रजी गॅलनला शंभर मैलांच्या जवळपास, म्हणजे आजच्या मापाने लिटरला सुमारे पस्तीस किलोमीटर.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आवाज गेला कोठे? त्यासाठी आपल्या ओळखीच्या बुलेटशी तुलना करणे सोयीचे. ३५० सी. सी.च्या जुन्या बुलेटला सिलिंडर एकच, ३४६ सी. सी.चा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत त्यात एकदा स्फोट होतो. एवढे मोठे पात्र आणि त्यात दोन फेऱ्यांतून एक दणका, म्हणून तिचे ठोके सुटे सुटे आणि भरीव वाटतात. एल. ई.चे एकेक पात्र सुमारे ९६ सी. सी.चे. म्हणजे बुलेटचा प्रत्येक स्फोट तिच्या स्फोटाच्या साडेतीन पटींहून मोठ्या पात्रात होतो. शिवाय एल. ई.चे दोन सिलिंडर इंजिनाच्या डाव्या व उजव्या अंगांना आडवे, एकमेकांकडे पाठ करून निजविलेले. दोन्ही दट्टे एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. डावा जेवढा धक्का डावीकडे देतो, जवळजवळ तेवढाच उजवा उजवीकडे देतो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी बायका एका लयीत दळू लागल्या म्हणजे जाते डळमळत नाही, तसेच हे. आणि स्फोट मात्र दोन्हीकडे आळीपाळीने होतात, त्यामुळे प्रत्येक फेरीला एक असा समान ठेका मिळतो. थरथर कमी, म्हणून खडखड कमी.

दुसरे कारण झडपांचे. पेट्रोलमिश्रित हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा बुलेटमध्ये सिलिंडरच्या डोक्यावर असतात आणि त्या उघडण्यासाठी लांब काड्या व तरफा लागतात. त्यांची टकटक होतेच. एल. ई.मध्ये झडपा सिलिंडरच्या कुशीतच बसविलेल्या. लांब काड्या नाहीत, तरफा नाहीत, म्हणून टकटकही नाही. या रचनेत शक्ती थोडी कमी मिळते हे खरे, पण येथे शक्तीची हाव नव्हतीच.

तिसरे कारण पाण्याचे, आणि ते सर्वांत मनोरंजक आहे. बहुतेक मोटारसायकलींची इंजिने वाऱ्याने थंड होतात. त्यासाठी सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पाकळ्या असतात, आणि स्फोटाबरोबर त्या पाकळ्याही झांजेसारख्या झणझणतात. एल. ई.च्या सिलिंडरभोवती पाकळ्यांऐवजी पाण्याचे वेष्टन होते. पाण्याने उष्णता ओढून घेतली आणि आवाजही पोटात घातला. हे पाणी फिरविण्यासाठी पंप मात्र नव्हता. आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला असेल त्यांना यातील तत्त्व सांगावयास नको. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी जड म्हणून तळाशी जाते. एल. ई.मध्ये इंजिनाशी तापलेले पाणी आपोआप वर चढून पुढच्या रेडिएटरमध्ये जाई, तेथे वाऱ्याने निवे आणि खालच्या वाटेने पुन्हा इंजिनाकडे येई. फिरणारा एकही सुटा भाग नाही, म्हणून त्याचा आवाज नाही आणि बिघाडही नाही.

याखेरीज मागच्या चाकाला गती देण्यासाठी साखळीऐवजी बंदिस्त दांडा होता. त्यामुळे साखळीची सळसळ गेली, वंगणाचे डागही गेले. सायलेन्सर चांगला ऐसपैस होता. इंजिन सुरू करावयास लाथ मारावयाची नव्हती, हाताने एक दांडी ओढली की काम भागे. पायांपुढे पत्र्याचे आडोसे, पाय टेकावयास सपाट फळ्या, आणि सांगाडा नळ्यांचा नसून दाबून घडविलेल्या पत्र्याचा. गिअरही पायाने नव्हे, हाताने बदलावयाचे. पायाच्या गिअरसाठी नावाजलेल्या कारखान्याने नवख्या माणसाच्या सोयीसाठी आपलीच चाल बाजूस ठेवली, हे आम्हांस विशेष वाटते. गाडी जागेवर उभी राहून चालू असली, तर गजबजलेल्या रस्त्यावर ती चालू आहे की बंद, हे कानांना सहसा कळत नसे.

गाडी अशी गुणी झाली, पण ज्याच्यासाठी केली तो सामान्य माणूस काही अपेक्षेइतका तिच्याकडे वळला नाही. तरुणांना तिच्यात ऐट दिसेना. ज्यांना ऐट नको होती त्यांच्यासाठी इटलीतून व्हेस्पा आणि लँब्रेटा या स्कूटरी आल्या. त्या दिसावयास नाजूक, रंगीबेरंगी आणि जणू नव्या जमान्याच्या दूत. त्यांच्यापुढे एल. ई. म्हणजे समारंभाला शाळेच्या गणवेशात आलेल्या मुलासारखी दिसे. नेमक्या याच वेळी तिला तिचा खरा धनी भेटला. तो म्हणजे पोलीस.

पोलिसांनी तिच्यात काय पाहिले? पहिली गोष्ट अर्थातच शांतता. आपल्याकडे गस्तीची एक निराळी परंपरा आहे. रात्री काठी आपटीत, शिटी वाजवीत, ‘होशियार’ अशी आरोळी देत पहारेकरी फिरतो. त्याचा आवाज ऐकून घरातला माणूस निर्धास्त झोपतो, आणि चोर? तो काठीचा आवाज दूर जाईपर्यंत भिंतीआड स्वस्थ बसतो. ही पद्धत चोराला पळविण्याची आहे, धरण्याची नव्हे. एल. ई.वरचा कॉन्स्टेबल याच्या उलट. तो केव्हा आला हे कळत नसल्यामुळे केव्हाही येईल ही धास्ती राही. आणि याहूनही मोठा लाभ म्हणजे, गाडी गप्प असल्यामुळे स्वाराचे कान मोकळे राहात. काच फुटल्याचा आवाज, कुत्र्याचे भुंकणे, कुणाची हाक, हे सारे त्याला चालत्या गाडीवर ऐकू येई. बुलेटवर बसून हे साधावयाचे नाही.

दुसरी गोष्ट, गाडी माणसाच्या चालीने, न कुरकुरता, हळूहळू चालविता येई. दारे-खिडक्या न्याहाळीत जावे, एखादे दार किलकिले दिसले की थांबावे, उतरावे, पाहावे आणि पुढे जावे. तिसरी गोष्ट, गणवेश स्वच्छ राही. चौथी, खर्च थोडा. सरकारी पैशाचा जाब द्यावा लागणाऱ्या खात्याला लिटरला पस्तीस किलोमीटर हा आकडा गोडच लागणार. आणि पाचवी, जी कोष्टकात मांडता येत नाही ती अशी की, त्या गाडीवरचा शिपाई लोकांना भेटत होता. तो उघड्यावर होता, त्याचा चेहरा दिसत होता, इंजिन बंद न करताही त्याच्याशी साध्या आवाजात बोलता येत होते. दूधवाला, पोस्टमन, शाळेत जाणारी मुले, फाटकाशी उभी असलेली म्हातारी, या सर्वांशी त्याची जाता-येता ओळख होई. पोलिसांकडे येणारी बहुतेक माहिती अशाच ओळखीच्या पोटी येते, हे पोलीसखात्यातील कोणीही सांगेल.

या गाडीला लोकांनी जे लाडके नाव दिले त्याची कथाही मौजेची आहे. कॉन्स्टेबलने वरिष्ठ अधिकारी दिसताच सलाम करावा हा दलाचा शिरस्ता. पण दुचाकीवर असताना सलामासाठी हात उचलला की हँडल सुटते, आणि शिस्त पाळताना शिपाई खड्ड्यात जावयाचा! म्हणून स्वारांना अशी मुभा मिळाली की, त्यांनी हात न उचलता नुसती मान लववावी. मान लवविण्याला इंग्रजीत ‘नॉड’ म्हणतात. त्यावरून हे स्वार ‘नॉडी’ झाले आणि गाडी ‘नॉडी बाइक’ झाली, अशी ही सर्वश्रुत कथा. एनिड ब्लायटन यांच्या मुलांच्या गोष्टींतील मान डोलावणारा लाकडी बाहुला नॉडी हाही १९४९ सालीच अवतरला होता. तेव्हा हे नाव लोकांच्या जिभेवर सहज रुळले यात नवल नाही. टोपणनाव नेहमी कौतुकानेच घेतले जाई असे नव्हे, थट्टाही होई. पण ज्या पोलिसाची थट्टा करण्याची लोकांना भीती वाटत नाही, त्याला मदतीला हाक मारण्याचीही भीती वाटत नाही, असे आम्हांस वाटते.

१९५८ साली गाडीची तिसरी आवृत्ती निघाली. आता गिअर चार झाले, ते पायाने बदलावयाचे झाले आणि हाताच्या दांडीऐवजी नेहमीची किक आली. नवखा गिऱ्हाईक पूर्वीच पाठ फिरवून गेला होता, तेव्हा त्याच्यासाठी केलेल्या सवलतीही गेल्या. कंपनीने याच इंजिनाच्या घराण्यात ‘व्हॅलियंट’ आणि ‘व्होग’ या गाड्या काढून पाहिल्या, ‘व्हाइसरॉय’ नावाची स्कूटरही काढली. यांपैकी एकीनेही बाजार मारला नाही. एल. ई. मात्र मुख्यतः पोलिसांच्या मागणीवर तग धरून राहिली.

तिच्यावर जो घाला आला तो दुसऱ्या मोटारसायकलीकडून आला नाही. तो आला दोन वस्तूंच्या रूपाने. एक शिपायाच्या अंगावर मावेल असा लहान रेडिओ, आणि दुसरी लहान मोटार. लँकेशायरच्या पोलिसांनी १९६५ साली कर्कबी या गावी फिकट निळ्या व पांढऱ्या रंगांच्या लहान मोटारींतून गस्तीचा प्रयोग केला. दोन रंगांमुळे त्या मोटारींना ‘पांडा’ हे नाव पडले. प्रयोग यशस्वी ठरला, आणि १९६७ पासून ब्रिटिश गृहखात्याच्या पाठिंब्याने ही पद्धत देशभर पसरली. मोटारीत पाऊस लागत नाही, सामान मावते, पकडलेला माणूस बसविता येतो, आणि रेडिओवर निरोप मिळताच घटकेत कोठेही पोचता येते. हे सर्व फायदे खरे होते. त्यापुढे एल. ई. टिकणे शक्य नव्हते, आणि पोलिसांनी मोटारी घेतल्या यात त्यांचा दोष नाही.

परंतु हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की, या व्यवहारात काहीतरी द्यावेही लागले आहे. शिपाई काचेआड गेला. तो हाकेला लवकर येऊ लागला, पण हाक मारल्याशिवाय दिसेनासा झाला. पूर्वी तो गुन्हा होण्याआधी गल्लीतून जात असे, आता झाल्यानंतर येऊ लागला. १९८१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात मोठे दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालात पोलीस आणि वस्ती यांच्यातील तुटलेल्या संबंधांवर बोट ठेवण्यात आले, आणि पायी गस्तीचे महत्त्व पुन्हा सांगण्यात आले. त्या दंग्यांची कारणे गरिबी, बेकारी आणि वर्णभेद अशी खोल होती. एका मोटारसायकलीच्या जाण्यायेण्याशी त्यांचा संबंध जोडणे पोरकटपणाचे होईल. पण लोकांपासून दूर गेलेला रक्षक कितीही वेगवान असला तरी अपुरा पडतो, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

इकडे कारखान्याचे काय झाले? एल. ई. ही व्हेलोसेटची सर्वांत जास्त खपलेली गाडी, आणि तरीही तिनेच कारखान्याचे कंबरडे मोडले असे जाणकार म्हणतात. हे कोडे साच्याच्या उदाहरणाने सुटते. गणपतीच्या मूर्ती करणारा कारागीर एखादी मूर्ती हाताने घडवितो तेव्हा त्याची मेहनत एका मूर्तीपुरती असते. साचा केला तर त्याचा खर्च आधी करावा लागतो, आणि तो वसूल व्हावयास पुष्कळ मूर्ती विकाव्या लागतात. पत्रा दाबून सांगाडा घडविण्याची यंत्रे आणि साचे फार महाग असतात. व्हेलोस कंपनीने ते केले ते घरोघर एल. ई. जाईल या हिशेबाने. गाड्या हजारांनी खपल्या, पण साच्याला जेवढा खप हवा होता तेवढा झाला नाही. गुंतलेला पैसा मोकळा झाला नाही. पुढच्या गाड्याही बसल्या. अखेर १९७१ साली कारखाना बंद पडला आणि एल. ई.ही संपली.

येथे आपल्याकडील एक खरी गोष्ट आठवते. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने सैन्याच्या आणि पोलिसांच्या गस्तीसाठी रॉयल एनफील्डची ३५० सी. सी. बुलेट पसंत केली, आठशे गाड्यांची मागणी केली, आणि त्यातून मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आधी सुटे भाग इंग्लंडाहून येत, पण १९५७ साली साचे आणि अवजारेच मद्रासला आली, आणि १९६२ पर्यंत सगळे भाग येथे होऊ लागले. रॉयल एनफील्डचा इंग्लंडातील कारखानाही १९७० च्या सुमारास बंद पडला. पण बुलेट मेली नाही, कारण तिचे साचे दुसऱ्या घरी सुखरूप नांदत होते. एल. ई.च्या साच्यांना असे दुसरे घर मिळाले नाही. म्हणून फटफटणारी राहिली आणि न फटफटणारी गेली.

अगदी गेली असेही म्हणता येत नाही. इंग्लंडात एल. ई.च्या चाहत्यांचे मंडळ आहे. जुन्या पोलीस-गाड्या ते जपतात, दुरुस्त करतात, रस्त्यावर काढतात. आणि तिच्यामागची कल्पना तर नव्या रूपाने परत येत आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारसायकली अमेरिकेतील काही शहरांच्या पोलिसांनी गस्तीसाठी घेतल्या आहेत, आणि त्यांच्या गुणांत शांतता हा गुण आवर्जून सांगितला जातो. जे १९४८ साली पाणी, पत्रा आणि दोन आडव्या सिलिंडरांच्या खटपटीने साधले, ते आता विजेने सहज साधते.

जुन्या यंत्रांचा इतिहास वाचावयाचा तो केवळ कौतुकासाठी नव्हे. या गाडीकडे पाहून दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या वाटतात, आणि कोणत्याही सार्वजनिक कार्याच्या हिशेबवहीत त्या शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. पहिली ही की, जे काम लोकांमध्ये राहून, त्यांचे ऐकून घेत करावयाचे असते, त्यात कर्त्याचा स्वतःचा आवाज जितका कमी तितके दुसऱ्याचे बोलणे अधिक ऐकू येते. दुसरी ही की, सद्‌हेतू आणि चोख कारागिरी यांच्या जोडीला साच्याच्या खर्चाचा हिशेबही बसावा लागतो. तो न बसल्यास चांगली वस्तूही पुढच्या पिढीच्या हाती पोचत नाही. एल. ई.ला पहिली गोष्ट पुरी साधली, दुसरी साधली नाही. तरी पन्नासांवर पोलीसदलांचे शिपाई वर्षानुवर्षे रात्रीच्या अंधारात तिच्यावर बसून कुणाच्याही झोपेला धक्का न लावता हिंडले, आणि दुकानांची दारे नीट लागली आहेत की नाहीत ते पाहत राहिले. सकाळी उठणाऱ्यांपैकी अनेकांना रात्री दारावरून कोणी गेले होते हे ठाऊकही नव्हते.